एक शाल आणि सतराशे साठ चुका

फोंड्यात गेली एकोणीस वर्षं मी लग्नामुंजींत साड्या नेसवून देते. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच सुमाराला घरोघरच्या कपाटांतून शाली बाहेर पडतात. साडी नेसवून झाली, आरशात बघून झालं, की कुणीतरी हळूच पिशवीतून शाल काढतं: "ही पण जरा नीट लावून दी गो." या 'जरा'ने माझा जेवढा वेळ खाल्लाय, तेवढा नऊवारीनेही खाल्ला नसेल.

आता गोव्याची थंडी ती केवढी! जानेवारीत पणजीला पहाटे सरासरी 20 अंश आणि दुपारी 32. वाळपई, सांगेकडे पहाटेचा पारा आणखी उतरतो. चोर्ला घाटात शिरलात तर दातावर दात वाजतील, पण घाटात लग्नं लागत नाहीत. म्हणजे इथे शाल दिवसभर अंगावर बसून राहत नाही. सातला काढली, नऊला घातली, मंडपात गर्दी झाली की पुन्हा काढली, परतताना स्कूटरवर पुन्हा गुंडाळली. एका संध्याकाळी पाच-सहा वेळा तिची ये-जा होते. शाल घालायची कशी हे मोबाइलवर बघून सगळ्या शिकतात. काढायची कशी, आणि काढल्यावर ठेवायची कुठे, हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे घोळ होतो तो तिथेच.

पदर आणि शाल एकाच पिनेत

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आणि ती मी स्वतः करून बसलेली आहे.

सहा वर्षांपूर्वी कवळ्याच्या बाजूला एक लग्न होतं. माघातलं, पहाटेच्या मुहूर्ताचं. नवऱ्यामुलाच्या मावशीने सासूबाईंची जुनी पैठणी नेसायला काढलेली. जांभळी, पदरावर मोर, रेशीम इतकं मुरलेलं की हातात घेतल्यावर आवाजसुद्धा नाही. साडेचारला मी नेसवायला बसले तेव्हा बाहेर दव टपटपत होतं. मावशींना हींव भरलेलं. भाचीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: डाव्या खांद्यावर पदर, त्यावर शाल, दोन्ही मिळून एकच मोठी पिन. "अशीच लाव, हलता कामा नये." मी म्हटलं, मावशी, वेगळी सोडते, बरं पडेल. ऐकेनात. पाठीमागे अजून तिघी नेसायच्या होत्या. लावली मी पिन. घाईत केलेलं काम आणि शिळं झालेलं भाकरीचं पीठ, दोन्ही पुढे नडतात.

दहाच्या सुमाराला होम पेटला. मंडपात तीनशे माणसं, वर पत्रे, समोर धूर. मी पंगतीत बसले होते, पानात नुकती खतखत्याची भाजी पडली होती. मागून हाक आली, "वयनी, म्हाका घाम येता गो, ही काड!" मी हात धुवायला उठेपर्यंत मावशींनी स्वतःच शाल ओढली. टर्र. तेवढा एकच आवाज.

खांद्यापाशी बोटभर फाटली पैठणी. पिनेच्या शेपटाला जे वेटोळं असतं ना, त्यात रेशमाचे धागे अडकले होते. शाल आली, बरोबर धागे आले. मावशी मला एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नवरीच्या खोलीत नेऊन मी पदराच्या निऱ्या नव्याने घातल्या, फाटकं आतल्या निरीत दडवलं आणि आहेराचे फोटो निघाले. नंतर रफू करून घेतलं, ते त्यांनी मला दाखवलंही. ओळखू येत नव्हतं. मला येत होतं.

यामागचं कारण साधं आहे. लोकर ताणली की लांबते, रेशीम तेवढं लांबत नाही. दोघांना एका पिनेत डांबलं की शालीचा सगळा भार आणि सगळी ओढ रेशमाच्या चार धाग्यांवर येते. त्यात शाल काढताना माणूस नेहमीच घाईत असतो.

तेव्हापासून माझी सवय अशी. पदर ब्लाऊजला आतून पिन करायचा आणि ते प्रकरण तिथेच मिटवायचं. शालीला पिन लावायचीच असेल तर शालीची शालीलाच. पिनेत आधी एक बारीक मणी ओवायचा, तो वेटोळ्यापाशी जाऊन बसतो आणि कापड तिथवर पोचत नाही. माझ्या डब्यात असे मणी ओवलेल्या चाळीसेक पिना कायम असतात. तुटलेल्या पोतीतले मणी मी याचसाठी जपून ठेवते.

आणि मुळात शाल डाव्या खांद्यावर घ्यायचीच कशाला? पदर डावीकडे. त्याच्यावरच शाल टाकलीत तर हजारो रुपयांचा पदर गेला झाकून. उजवा खांदा मोकळा पडलाय, तिथे घ्या. शालीची लांबी तशीच ठेवून रुंदीची चौपदरी घडी करा, उजव्या खांद्यावर टाका. पुढचं टोक कमरेपर्यंत, मागचं लांब. मागचं टोक पाठीवरून डाव्या हाताखालून पुढे आणा आणि डाव्या मनगटावर सोडा. पिन नको, काही नको. गरम झालं की मनगटावरचं टोक धरून ओढायचं, शाल आपसूक हातात येते. फोटोत पदरही दिसतो, ब्लाऊजची बाहीही. घसरते अशी तक्रार येते. दोन तास घालून वावरा, मग घसरत नाही. चप्पलसुद्धा पहिल्या दिवशी चावते.

कोणती शाल? एकच, साधी

"कार्यक्रमाप्रमाणे वेगळी शाल लागते ना?" नाही. बिनकाठाची, बिनभरतकामाची, एकरंगी, शुद्ध लोकरीची, 40 इंच रुंद आणि 80 इंच लांब. 28 इंची मिळतो तो स्टोल. तो गळ्याला पुरतो, पाठीला पुरत नाही. वजन पावशेराच्या आसपास असावं. किराणाच्या काट्यावर ठेवून बघायला लाजू नका, मी बघते. अर्ध्या किलोची शाल हिमाचलात बरी, आमच्याकडे ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी खुर्चीच्या पाठीवरच राहते.

रंग काळा नको. मला माहीत आहे, काळा सगळ्यावर जातो असं सगळ्या म्हणतात. संक्रांतीला जातो, तेही खरं. पण लग्नात एखादी आजी तोंड वाकडं करतेच, आणि काळ्यावर पांढरा केस, तांदळाचं पीठ, अक्षतांची हळद सगळं दिसतं. मी नारळाच्या काथ्याच्या रंगाची घेते. जांभळ्यावर जाते, हिरव्यावर जाते, कुणबी साडीच्या लाल चौकड्यावर तर फारच छान जाते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी कुणबी साडीला पुन्हा मान मिळवून दिला, आता पोरी ती हौसेने नेसतात आणि वर चमकीची गुलाबी शाल घेतात. चौकड्यावर चमकी! त्या साडीला आधीच बोलता येतं, शालीने गप्प बसावं.

सत्काराची शाल समारंभाला घालू नका. माझे सासरे शिक्षक, घरात श्रीफळाबरोबर आलेल्या सतरा शाली आहेत. त्या कुणाच्या ना कुणाच्या सत्कारालाच परत जातात. जरीचा काठ दुरूनच ओळखू येतो.

"खरी पश्मिना, ताई, अंगठीतून जाते"

किनाऱ्यावरच्या दुकानांत हे वाक्य ऐकलं नाही असा गोंयकार नसेल. अंगठीतून व्हिस्कोजही जातं, पातळ रेशीमही जातं. अंगठी काही सिद्ध करत नाही. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांगकडच्या बकरीची राठ केसांखालची मऊ लव. काश्मीर पश्मिनाचं जे भौगोलिक मानांकन आहे, त्यात धागा 16 मायक्रॉनपर्यंतच जाड चालतो, आणि कताई-विणाई हातची लागते. माणसाचा केस साधारण त्याच्या चौपट जाड. एवढी मेहनत चारशे रुपयांत मिळत असेल तर विणणारा जेवतो काय?

घरी आणून दशांतले दोन धागे उपटा आणि चिमट्यात धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवून. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ऍक्रिलिक. कागदासारखं भुरकन जळलं तर व्हिस्कोज नाहीतर सूत. ऍक्रिलिक वाईट नाही, धुवायला सोपं, पण जत्रेत नको. दिवजांच्या, म्हणजे दिव्यांच्या, उत्सवात चारी बाजूंनी तेलाच्या ज्योती असतात. लोकर आगीत काळी पडते आणि बहुतेक वेळा आपणच विझते. ऍक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. यावर मी वाद घालत नाही.

कुणी कानात येऊन 'शहातूश' म्हणालं तर दुकानातून सरळ बाहेर या. तिबेटी चिरू हरणाला मारून ती लोकर मिळते आणि तिची खरेदी-विक्री बंद आहे.

कुठे कशी

पंचवीस प्रकार शिकवणारे व्हिडिओ बघून आलेल्या मुली माझ्याकडे येतात आणि पंचवीसातला एकही धड जमलेला नसतो. मला चार येतात, आयुष्य निघालं.

लग्नातला पहिला प्रकार आधीच सांगितला. इफ्फीचा दुसरा. 2004 पासून पणजीत हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, बहुतेक वेळा नोव्हेंबरात, आणि दर वेळी मी तीच गंमत बघते: बाहेर रांगेत घामाने निथळणारी माणसं आत एसीत तीन तास कुडकुडतात. कुर्ता-जीन्सवर शाल गळ्याभोवती गुंडाळून रांगेत उभ्या राहता कशाला? पिशवीत ठेवा. आत बसल्यावर पूर्ण उघडून उलटी घ्या, म्हणजे मधला भाग छातीवर आणि टोकं खांद्यांवरून मागे. पाठ खुर्चीला टेकलेली असते, थंडी समोरून येते. हे कुणी शिकवत नाही कारण फोटोत ते चांगलं दिसत नाही. अंधारात कोण बघतंय?

धालो या बायकांच्या नाचाचा तिसरा. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे नाचाच्या जागी, बायका कमरेला हात घालून रांगेने वाकतात, पुढे येतात, मागे जातात. तिथे खांद्यावर सोडलेली शाल शेजारणीच्या हातात अडकते आणि सगळी रांग डगमगते. ती छातीवर फुली करून मागे कमरेवर गाठ मारायची, कामाला लागताना पदर खोचतो तशी. गाठ एकच, सुटेल अशी.

चौथा नाताळचा. शेजारच्या घरी बोलावणं असतं, अंगात ड्रेस असतो. शाल पाठीवरून दोन्ही कोपरांत लोंबती घ्या. हा काही विलायती प्रकार समजू नका. मांडो हा आमचा कोकणी नाच, तो नाचणाऱ्या बायकांच्या तोरोप-बाज या पोशाखावर तुवालो नावाची शाल असते, ती खांद्यावर काय डौलात बसलेली असते ते बघा एकदा. फक्त दोदोल, हा नाताळचा गोड पदार्थ, खाताना शाल काढून ठेवा. दोदोलाचं खोबरेल लोकरीत शिरलं की पाणी लावून चोळू नका. टाल्कम पावडर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा. नाही गेलं तर पुन्हा पावडर. घाईने साबण चोळणाऱ्या दोघींनी डागाची पुरणपोळीएवढी वाटोळी खूण करून आणली होती. मी हात जोडले.

स्कूटर

इथे मी गंमत करत नाही. मागे एका बाजूला बसून, शालीची टोकं वाऱ्यावर सोडून जाणाऱ्या बायका मी रोज बघते. बाणस्तारीच्या पुलाजवळ एका मुलीची शाल मागच्या चाकात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. चालवणाऱ्या भावाने वेळेवर ब्रेक दाबला आणि शाल गळ्याभोवती नव्हती, खांद्यावर होती. म्हणून ती फक्त रस्त्यावर बसली. गळ्याभोवती असती तर? स्कूटरवर शाल घालायचीच नाही. जाकीट घाला, नवऱ्याचं घाला, रेनकोट घाला. शाल घडी करून डिकीत. मंडपाच्या दारात उतरलात की घ्या. दोन मिनिटं थंडी वाजेल, वाजू दे.

नोव्हेंबरात कपाट उघडणं

ही दुसरी मोठी चूक. फोन येतो तोच मुळी समारंभाच्या आदल्या रात्री: "शालीला वास येतोय, आता काय करू?" आता काहीच नाही. करायचं होतं ते जूनमध्ये.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा पिऊनही हाताला कोरडीच लागते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. अशात एकदा-दोनदा घातलेली, न धुतलेली शाल तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबता, तोंड गच्च बांधता आणि समजता की सुरक्षित आहे. आत ओलावा कोंडतो, बुरशी येते. वर त्या शालीला घाम, अत्तर, भाजीचा डाग लागलेला असेल तर कसरीला मेजवानीच. कसरीच्या अळ्यांना लोकर आवडतेच, मळकी लोकर जास्त आवडते.

म्हणून मार्चमध्येच, शेवटच्या वापरानंतर, धुवा. थंड पाण्याची बालदी, त्यात डोक्याला लावायचा साधा शाम्पू एक चमचा. लोकर म्हणजे केसच, केसांना चालतं ते तिला चालतं. कपड्यांची पावडर नको. ती अल्कधर्मी असते, आणि काही पावडरींत डाग खाणारी जी विकरं घालतात ती लोकरही खातात. दहा मिनिटं बुडवून ठेवा, दाबा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळी करून पाणी टिपा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगली की लांबते.

माझ्या नणंदेच्या मुलीने शाल मशीनमध्ये गरम पाण्यात टाकली होती. "अर्ध्या तासात झालं असतं गो मामी." झालंच. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. 80 इंची शाल बाहेर आली ती देवघरातल्या आसनाएवढी, तितकीच जाड. आता तिच्यावर तिचं मांजर झोपतं. मांजर खूश आहे.

वाळल्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. सोबत वेखंडाचे दोन तुकडे. डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर कापडाला टेकू न देता, पुरचुंडीत, आणि कपड्यांच्या वर. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. तशा शालीत नवजात बाळाला कधीही गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्ताला त्या वाफेने खरोखर इजा होते. बारशाला कपाटातली शाल थेट बाहेर काढणाऱ्या आज्यांना हे प्रेमाने सांगा, पण सांगा.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा, ऊन पडलं त्या दिवशी, घडी मोडून नवी घडी घाला. एकाच घडीवर वर्षभर राहिली की तिथे धागा तुटतो. दसऱ्याला बाहेर काढा, सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवा, झटका, दशा विंचरा. मोठ्या दातांच्या फणीने.

आणि आदल्या रात्रीच आठवण झालीच असेल तर? पंख्याखाली पसरा, सकाळी ओलं फडकं मध्ये घेऊन हलकी इस्त्री फिरवा. वास थोडा जाईल, सगळा नाही. वर अत्तर मारू नका, बुरशी आणि मोगरा मिळून जो वास होतो तो मी एका मुंजीत मुलाच्या आत्येशेजारी बसून साडेतीन तास घेतलाय.

उरलेल्या, एकेका ओळीच्या

मंगळसूत्र शालीच्या आत ठेवा, दशांत अडकतं.

मॅचिंगच्या नादात शाल साडीच्या रंगाची घेऊ नका, माणूस सोफ्यासारखा दिसतो.

उंची कमी असेल तर शाल पूर्ण उघडून पाठीवर घेऊ नका. अर्धी दुमडा.

देवळात पाया पडायला वाकण्याआधी टोकं हातात धरा, समईचा अंदाज चुकतो.

पाहुण्यांच्या खुर्चीवर शाल ठेवून जागा अडवू नका. परवाच एका लग्नात माझी स्वतःची काथ्याच्या रंगाची शाल अशीच कुणाच्या तरी खुर्चीवर राहिली. दुसऱ्या दिवशी फोन आला, पैठणीवाल्या मावशींचाच. "वयनी, तुझी शाल म्हज्याकडे आसा. पिनेत मणी दिसलो, तेन्नाच वळखली."